शास्त्रपरीक्षा आणि ग्रंथालय : पदव्युत्तर संशोधकांसाठी काही अनुभवाचे बोल



वैद्यकविद्या शिकू इच्छिणाऱ्याने प्रथम कशाची परीक्षा करावी, याचे उत्तर चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात दिलेले आहे. आचार्यांची परीक्षा त्यानंतर येते. त्याआधी सांगितली आहे ती शास्त्राची, म्हणजेच ग्रंथाची परीक्षा. कारणही तेथेच दिले आहे. वैद्यांचे नाना ग्रंथ लोकांत प्रचलित असतात आणि त्यांतील कोणता स्वीकारावा, हे पारखूनच ठरवावयाचे असते. हस्तलिखितांच्या काळात जे सांगितले गेले, ते आज एका कळीसरशी हजारो लेख समोर येत असताना अधिकच लागू पडते. असे असूनही आपल्या पदव्युत्तर शिक्षणात ग्रंथालयाचे स्थान काय आहे? प्रवेश घेताना ओळखपत्र काढण्यापुरते, आणि प्रबंध सादर करताना ‘ना-देय’ दाखल्यावर सही घेण्यापुरते! हे कटू वाटेल, पण आम्ही स्वतःही याला अपवाद नव्हतो, हे आधीच कबूल केलेले बरे.

एका पिशवीतील वनस्पती

आम्ही तालुक्याच्या ठिकाणी वीस वर्षांहून अधिक काळ चिकित्सा करीत आहोत. पदवी बी.ए.एम.एस. पुढील शिक्षणाचा योग आला नाही, परंतु आमच्या चिकित्सालयात उमेदवारी केलेली काही मुले-मुली एम.डी. झाली व होत आहेत. त्यांपैकी एका विद्यार्थिनीने चित्तोद्वेगाच्या प्रौढ रुग्णांमध्ये ब्राह्मीचा अभ्यास करण्याचे ठरविले. आराखडा मंजूर झाला, नीतिसमितीची संमती मिळाली. एके दिवशी तिचा फोन आला, “सर, शंभरावर संदर्भ गोळा झाले. वाङ्मयसमीक्षा जवळजवळ संपली. फक्त चार लेख कुठेच मिळत नाहीत.” आम्ही म्हटले, “अगं, मग विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन बघ ना!” तिने संकोचाने सांगितले की, तेथे कसे विचारावे तेच कळत नाही. शेवटी एका शनिवारी आम्हीच तिच्यासोबत गेलो.

संदर्भ विभागातील ग्रंथपाल बाईंनी चार लेखांची यादी हातात घेतली आणि एक साधा प्रश्न विचारला, “तुम्हांला नेमकी कोणती वनस्पती हवी आहे?” विद्यार्थिनी म्हणाली, “ब्राह्मी.” बाई म्हणाल्या, “ते नाव झाले. वनस्पतिशास्त्रीय नाव सांगा, म्हणजे शोधता येईल.” तिने ‘बॅकोपा मोनिएरी’ असे सांगितले, आणि ते शास्त्रसंमतच होते. बाईंनी लेखांचा शोध सुरू केला व तोवर चाळायला म्हणून औषधी वनस्पतींचा एक सचित्र ग्रंथ समोर ठेवला. चित्रातील पाने लहान, मांसल, लांबट होती. विद्यार्थिनी त्या चित्राकडे पाहतच राहिली. प्रयोगासाठी घेतलेल्या वाळलेल्या पंचांगाचा नमुना तिच्या पिशवीत होता. तो तिने टेबलावर पसरला. पाण्यात भिजवून उलगडलेली पाने गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराची होती.

ती वनस्पती ओळखायला आम्हांला क्षणभरही लागला नाही. कोकणात ओहोळाच्या काठाने पसरणारा तो कारिवणा होता, म्हणजेच मंडूकपर्णी, ‘सेंटेला एशियाटिका’. ज्या पुरवठादाराकडून ती आली होती, तो आम्हीच सुचविलेला होता. आणि त्याच्याकडून तीच वनस्पती ‘ब्राह्मी’ या नावाने आम्ही वीस वर्षे आमच्या रुग्णांना देत आलो होतो.

शंभर संदर्भ एका वनस्पतीचे होते आणि औषध दुसऱ्या वनस्पतीचे तयार होणार होते. द्रव्यगुण विभागाकडून नमुन्याचे प्रमाणीकरण व्हायचे होते, पण ‘नंतर करू’ म्हणून ते मागे पडले होते. सुदैवाने एकाही रुग्णाची नोंदणी तोवर झाली नव्हती. तिच्या मार्गदर्शकांनी काम तत्काळ थांबविले, नमुना तपासून घेतला, योग्य वनस्पती मिळविली आणि सुधारित कागदपत्रे पुन्हा समितीपुढे ठेवली. चार महिने गेले. ते वाया गेले असे ती आज म्हणत नाही, आणि आम्हीही म्हणत नाही.

संहितांनी काय सांगितले होते?

या प्रकरणानंतर आम्ही मूळ ग्रंथ पुन्हा उघडले, आणि जे दिसले त्याने आमचा आळस उघडा पडला. चरकाने रसायनाध्यायाच्या तिसऱ्या पादात जी चार मेध्य रसायने सांगितली, ती मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची आणि शंखपुष्पी यांची. त्यांत ब्राह्मीचे नाव नाही. ब्राह्मी भेटते ती अपस्मारचिकित्सेतील घृतात. सुश्रुताने मेधायुष्कामीय रसायनाच्या अध्यायात मंडूकपर्णी आणि ब्राह्मी या दोहोंचे प्रयोग स्वतंत्रपणे दिले आहेत. भावप्रकाशात मात्र दोन्ही नावे एकत्र आली, आणि व्यवहारात पुढे दोन्ही वनस्पती एकमेकींच्या नावाने विकल्या जाऊ लागल्या. आजच्या आयुर्वेदीय औषधिसंहितेत ब्राह्मी व मंडूकपर्णी यांची स्वतंत्र प्रकरणे आहेत. म्हणजे उत्तर आमच्या कपाटातच होते, प्रश्न मात्र आम्ही कधी विचारला नव्हता.

मंडूकपर्णीही मेध्यच आहे. आमच्या रुग्णांना तिचा गुण आला नाही, असे मुळीच नाही. परंतु वीस वर्षांच्या आमच्या केसपेपरवर लिहिलेले द्रव्याचे नाव चुकीचे आहे, आणि म्हणून संशोधनाच्या दृष्टीने त्या नोंदी निरुपयोगी ठरल्या आहेत. ही हानी लहान नव्हे. ती इतरांची होऊ नये, यासाठी हा लेखनप्रपंच.

ग्रंथालयात जाण्यापूर्वीचे पूर्वकर्म

पंचकर्मात पूर्वकर्माशिवाय प्रधानकर्म होत नाही, तसेच येथेही आहे. ग्रंथालयात ‘आमवातावर काही आहे का?’ असे विचारणाऱ्याला चांगला ग्रंथपालही फारशी मदत करू शकत नाही. म्हणून प्रथम प्रश्न एका वाक्यात लिहावा. कोणते रुग्ण, कोणते द्रव्य, कशाशी तुलना आणि काय मोजावयाचे, या चार गोष्टी त्या वाक्यात असाव्यात.

दुसरे काम शब्दांच्या तक्त्याचे. प्रत्येक संकल्पनेसाठी संस्कृत नाव, पर्यायी नावे, प्रादेशिक नाव, सध्याचे वनस्पतिशास्त्रीय नाव आणि जुने वनस्पतिशास्त्रीय नाव असे रकाने करावेत. जुन्या नावाचा रकाना फार महत्त्वाचा आहे. बॅकोपाचे जुने नाव ‘हर्पेस्टिस मोनिएरा’, तर सेंटेलाचे ‘हायड्रोकोटाईल एशियाटिका’. जुन्या ग्रंथांत व नियतकालिकांत याच नावांनी माहिती आहे, आणि नवे नाव टाकून शोधणाऱ्यास ती दिसत नाही. रोगाच्या नावांचेही तसेच. आमवात हा शब्द टाकून आयुर्वेदातील लेख मिळतील, ऱ्हूमॅटॉईड आर्थ्रायटिस टाकून आधुनिकांचे मिळतील. दोन्ही शब्द टाकल्याविना शोध पूर्ण होत नाही. रोमन लिपीत संस्कृत शब्द लिहिण्याचे प्रकार अनेक आहेत. अश्वगंधेतील ‘श’ कोणी केवळ ‘एस’ने लिहितो, कोणी ‘एस-एच’ने, तर ‘व’साठी कोणी ‘व्ही’ वापरतो, कोणी ‘डब्ल्यू’. ही सर्व रूपे तक्त्यात असावीत.

कपाटांची भाषा

ग्रंथालयशास्त्राचे भारतीय आचार्य एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली आपली पाच सूत्रे मांडली. ग्रंथ वापरासाठी आहेत आणि वाचकाचा वेळ वाचविला पाहिजे, हा त्यांतील दोन सूत्रांचा आशय. कपाटांवरील क्रमांक हे त्यासाठीच असतात. आपल्याकडील बऱ्याच ग्रंथालयांत ड्यूई दशांश पद्धती असते. तिच्यात आयुर्वेदाचा क्रमांक ६१५.५३८ येतो. परंतु वनौषधींवर काम करणाऱ्याने तेवढ्यावर थांबू नये. वनस्पतीजन्य औषधे ६१५.३२१ येथे, वनस्पतिशास्त्राच्या अंगाने औषधी वनस्पती ५८१.६३४ येथे, आणि त्यांची लागवड ६३३.८८ येथे असते. एकच वनस्पती अशी चार कपाटांत विभागलेली सापडते. आमच्या विद्यार्थिनीस ज्या चित्राने सावध केले, तो ग्रंथ वनस्पतिशास्त्राच्या कपाटातला होता. आयुर्वेदाच्या कपाटापुढे बसून राहिलो असतो, तर तो दिसलाच नसता.

मराठीतील जुनी संपदाही विसरू नये. डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘औषधिसंग्रह’ आणि शंकर दाजी शास्त्री पदे यांचे ग्रंथ आजही संदर्भास उपयोगी आहेत. प्रादेशिक नावे व लोकव्यवहार यांसाठी त्यांच्यासारखे साधन नाही. मात्र त्यांतील वनस्पतींची नावे आजच्या नावांशी ताडून पाहावीत.

संहितेची आवृत्ती कोणती?

प्रबंधांतील सर्वांत मोठा दोष म्हणजे उसना संदर्भ. एका प्रबंधातील श्लोकक्रमांक दुसऱ्यात उतरतो, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि मूळ ग्रंथ कोणीच उघडत नाही. श्लोकांचे क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून संपादक, प्रकाशक, आवृत्ती व वर्ष यांचा उल्लेख अत्यावश्यक आहे. चरकाच्या चिकित्सास्थानातील पहिल्या अध्यायाचे चार पाद आहेत आणि प्रत्येक पादात श्लोकक्रमांक नव्याने सुरू होतो. तेव्हा ‘चि. १’ एवढे लिहून श्लोकक्रमांक देणे अपुरे आहे. पाद सांगितल्याविना वाचक त्या श्लोकापर्यंत पोहोचणारच नाही.

मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादिलेली चक्रपाणिटीकेसह चरकसंहिता १९४१ साली प्रसिद्ध केली. अष्टांगहृदयाची अरुणदत्त व हेमाद्रि यांच्या टीकांसह निघालेली निर्णयसागर आवृत्तीही सर्वश्रुत आहे. अशा आवृत्त्यांत तळटिपांमधून पाठभेद दिलेले असतात. विद्यार्थी भाषांतर वाचतात, पण तळटीप वाचत नाहीत. आपल्या द्रव्याविषयी पाठभेद आहे किंवा काय, हे पाहण्यास दहा मिनिटे लागतात. त्या दहा मिनिटांवर कधीकधी सबंध प्रबंध अवलंबून असतो. हैदराबाद येथील राष्ट्रीय भारतीय वैद्यकसंपदा संस्थेने संहिता संगणकावर शोधण्याजोग्या स्वरूपात उपलब्ध केल्या आहेत. शब्द कोठे कोठे आला हे शोधण्यास ते उत्तम साधन आहे, पण संदर्भ देताना छापील आवृत्तीशी मेळ घालावा.

वाङ्मयीन विषय घेणाऱ्यांसाठी पुण्याचे भाग्य मोठे आहे. १९१७ साली स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत वैद्यकविषयक हस्तलिखिते आहेत व त्यांची वर्णनात्मक सूचीही छापलेली आहे. आनंदाश्रम संस्थेने रसरत्नसमुच्चयासारखे ग्रंथ आपल्या ग्रंथावलीत प्रसिद्ध केले. एखाद्या अपरिचित ग्रंथाचा काळ व कर्ता पाहावयाचा असल्यास यान मॉयलेनबेल्ड यांचा १९९९ ते २००२ या काळात निघालेला भारतीय वैद्यकवाङ्मयाचा बहुखंडी इतिहास मोठ्या ग्रंथालयात मागावा.

संगणकावरील शोध

अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचे पबमेड १९९७ पासून सर्वांना विनामूल्य खुले आहे. विद्यार्थी तेथे एक शब्द टाकतात आणि आलेल्या पहिल्या दोन पानांवर समाधान मानतात. त्याऐवजी तक्त्यातील समानार्थी शब्द ‘ऑर’ने जोडावेत आणि भिन्न संकल्पना ‘अँड’ने. पबमेडची स्वतःची विषयशब्दावली आहे. तिच्यात ‘मेडिसिन, आयुर्वेदिक’ असा स्वतंत्र विषयशब्द आहे, त्याचाही उपयोग करावा. वापरलेली शब्दरचना, दिनांक आणि मिळालेल्या लेखांची संख्या वहीत लिहून ठेवावी. परीक्षकाने विचारले असता हेच आपले प्रत्यक्ष प्रमाण.

आयुर्वेदाची अनेक नियतकालिके पबमेडमध्ये येत नाहीत. त्यासाठी आयुष मंत्रालयाचे संशोधन पोर्टल आणि कोईमतूरच्या संस्थेने उभारलेली ‘धारा’ ही लेखसूची पाहावी. पूर्वी झालेल्या प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ आहे, परंतु तीत मुख्यत्वे पीएच.डी.चे प्रबंध मिळतात. एम.डी.च्या प्रबंधांसाठी त्या त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडेच जावे लागते. जामनगरच्या डॉ. बघेल यांनी संकलित केलेली ‘रिसर्चेस इन आयुर्वेद’ ही प्रबंधसूची तेथे मार्गदर्शक ठरते. चालू असलेली कामे पाहण्यासाठी २००७ साली सुरू झालेली क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री चाळावी. १ एप्रिल २०१८ पासून तेथे पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच नोंदणी करावी लागते, हेही लक्षात ठेवावे.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेस प्रश्न विचारून तयार संदर्भयादी मिळविण्याची प्रथा रूढ होत आहे. त्या यादीतील एखादा संदर्भ अस्तित्वातच नसतो, लेखकाचे नाव खरे आणि लेख काल्पनिक असेही घडते. जो लेख आपण स्वतः उघडून पाहिला नाही, तो यादीत घालू नये, एवढा एकच नियम पाळला तरी पुरे.

लेख मिळत नाही तेव्हा

केंद्र सरकारची ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली व १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके तिच्यात आहेत. परंतु पहिल्या टप्प्यात ती केंद्र व राज्य शासनाच्या अखत्यारीतील संस्थांसाठीच आहे. आपल्याकडील बहुसंख्य आयुर्वेद महाविद्यालये खासगी आहेत. म्हणजे एकाच विद्यापीठाची, एकच परीक्षा देणारी दोन मुले असली, तरी एकीस लेख सहज मिळतो आणि दुसरीस मिळत नाही. हा भेद दूर व्हावा, यासाठी संघटनेने आवाज उठविणे आवश्यक आहे असे आम्हांस वाटते.

तोवर मार्ग नाहीत असे नाही. आपल्या ग्रंथपालांकडे आंतरग्रंथालयीन देवघेवीची मागणी नोंदवावी. ‘डेलनेट’सारख्या ग्रंथालयजालाचे सदस्यत्व असल्यास लेखाची प्रत मागविता येते. लेखकास नम्र पत्र पाठविले तर पुष्कळदा तो स्वतःच प्रत पाठवितो. मोठ्या विद्यापीठ-ग्रंथालयांत बाहेरच्या अभ्यासकांना वाचनाची परवानगी कशी मिळते, हे प्रत्यक्ष विचारून घ्यावे. मार्गदर्शकांचे पत्र व ओळखपत्र सोबत असले म्हणजे काम सुकर होते. आमच्या विद्यार्थिनीचे ते चार लेख असेच दोन आठवड्यांत हाती आले.

ग्रंथालयाची आणखी एक सेवा म्हणजे साम्यतपासणी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले जाते. त्यापुढील साम्यास टप्प्याटप्प्याने वाढती कारवाई आहे. योग्य निर्देशासह घेतलेली अवतरणे व संदर्भसूची त्यातून वगळली जातात. तेव्हा संहितेचे वचन दिल्याने साम्य वाढेल ही भीती बाळगू नये. भीती बाळगावी ती दुसऱ्याच्या प्रबंधातील विवेचन उचलण्याची.

चिकित्सकांस विनंती

हे सर्व केवळ विद्यार्थ्यांसाठी आहे असे आपणांपैकी कोणी समजू नये. आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती ही आपली प्रमाणे. ग्रंथालयात आप्तोपदेश मिळतो, चिकित्सालयात प्रत्यक्ष. दोहोंची सांगड तुटली की नाव ब्राह्मीचे आणि पाने मंडूकपर्णीची, अशी अवस्था होते. आम्ही आमच्या बरण्यांवरील चिठ्ठ्या बदलल्या. प्रत्येक बरणीवर आता संस्कृत नावाखाली वनस्पतिशास्त्रीय नाव आणि माल आल्याची तारीख असते. जुन्या केसपेपरवरही लाल शाईने दुरुस्ती केली. ते करताना लाज वाटली, हे लपविण्यात अर्थ नाही.

प्रत्येक वैद्याने वर्षातून निदान दोन दिवस ग्रंथालयासाठी राखून ठेवावेत. आपण नित्य वापरत असलेले एक द्रव्य घ्यावे आणि ते मूळ संहितेत, औषधिसंहितेत व वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथात अशा तीन ठिकाणी पाहावे. रास्ना, शंखपुष्पी, पाषाणभेद अशी संदिग्ध द्रव्ये काही कमी नाहीत. शाखांच्या मासिक सभांत एखाद्या ग्रंथपालांस व्याख्यानासाठी बोलवावे. तद्विद्यसंभाषेत त्यांनाही स्थान असावे, कारण ग्रंथ कोठे आहे हे जाणणारा हा आपल्या विद्येचा सहायकच आहे.

त्या विद्यार्थिनीचा प्रबंध पूर्ण झाला. तिने आभारप्रदर्शनात मार्गदर्शकांनंतर त्या ग्रंथपाल बाईंचे नाव लिहिले आणि प्रबंधाची एक प्रत त्यांना नेऊन दिली. बाईंनी ती उघडली आणि वनस्पतीच्या छायाचित्राखालील नाव आधी वाचून पाहिले. मग हसून म्हणाल्या, “आता बरोबर आहे.”